घाटाला ६३ घोडे पुरतात

‘पंप थोडा वाढवून घ्या, मग बघा गाडी कशी ओढते.’ जुनी पिकअप चालवणाऱ्याला हा सल्ला नाक्यावर, बाजार समितीच्या आवारात, गॅरेजच्या दारात, सगळीकडे मिळतो. पंप वाढवणं म्हणजे इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं. त्याच्या जोडीला आणखी काही सल्ले ठरलेले असतात. सायलेन्सर मोकळा करा, एअर फिल्टर काढून टाका, ईजीआरला पत्रा मारून तो बंद करा, गाडी कॉमन रेलची, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणारी, असेल तर रिमॅप करून घ्या. सगळ्यांचं आश्वासन एकच असतं : थोड्या पैशांत जास्त ताकद. माझं म्हणणं असं, की हे सल्ले तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहेत, हिशेबाला महाग आहेत आणि घाटात जिवावर बेतणारे आहेत. जुन्या पिकअपला नवी ताकद लागत नाही. तिची हरवलेली ताकद तिला परत मिळाली पाहिजे, आणि खिशात मोजके पैसे असतील तर ते आधी तिथेच गेले पाहिजेत.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडू, कारण हे सल्ले मानणारी माणसं मूर्ख नाहीत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसणारी बोलेरो पिकअप घ्या. बीएस-४ गाडीत २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन आहे, ताकद ६३ हॉर्सपॉवर आणि टॉर्क १९५ न्यूटन मीटर. आठ-दहा वर्षं मालवाहतूक केलेली ही गाडी चढावर दम टाकते. नवी घ्यायची तर आठ-दहा लाखांचा विषय आहे. भाजी पहाटेच्या लिलावाला पोहोचली नाही तर भाव पडतो, भाडं देणारा शेतकरी पुढच्या वेळी दुसरी गाडी बोलावतो. अशा माणसाला कुणी सांगितलं, की दोन-तीन हजारांत गाडी पुन्हा तरणी होईल, तर त्याने ऐकावं हे स्वाभाविक आहे. त्यांच्यातला जाणकार आणखी एक मुद्दा काढतो. हेच २५२३ सीसीचं कॉमन रेल इंजिन कंपनीने स्कॉर्पिओच्या एका मॉडेलात ७५ हॉर्सपॉवरचं करून विकलं होतं. म्हणजे इंजिनात जागा आहे, कंपनीने ती पिकअपला दिली नाही, आपण ती घेतली तर बिघडलं कुठे?

या मुद्द्याकडे पुढे येतो. आधी साधा हिशेब करू, कारण ‘ताकद कमी पडते’ हे सगळे गृहीत धरतात आणि मोजत कुणीच नाही.

मालासकट ३ टन वजनाची गाडी घ्या. घाटाचा चढ १०० मीटरला ६ मीटर धरा. त्या चढावर गाडीला मागे खेचणारा जोर वजनाच्या सहा टक्के, म्हणजे १८० किलो. टायरच्या घर्षणाचे ३५-४० किलो आणि हवेचे थोडे मिळवले, की साधारण २२५ किलो होतात. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. ७५ किलो वजन सेकंदात एक मीटर उचलणं म्हणजे एक हॉर्सपॉवर. गुणाकार-भागाकार करा, उत्तर २५ येतं. गिअर-बॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये दहा टक्के जातात असं धरलं, तरी इंजिनाकडून २८ हॉर्सपॉवर लागतात. हाच घाट ताशी ५० ने चढायचा म्हटलं तर सुमारे ५० लागतात, आणि आपल्या वळणावळणांच्या घाटात भरलेली गाडी ५० ने चालवावी असे पट्टे किती आहेत, हे रोज जाणारा ड्रायव्हर जाणतो. १९५ न्यूटन मीटर टॉर्क मिनिटाला १४०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळतो. २००० फेऱ्यांवर त्याचे ५५ हॉर्सपॉवर होतात. इंजिन ठणठणीत असेल तर कायदेशीर माल घेऊन घाट चढायला ते पुरून उरतं.

मग गाडी का दमते? दोनच कारणं आहेत. इंजिनाने आपली चौथाई ताकद कुठेतरी गमावलेली असते आणि ६३ चे ४७ झालेले असतात. नाहीतर मालासकट वजन ३ टनांच्या जागी साडेचार टन असतं. साडेचार टनांना त्याच चढावर ताशी ५० ने जायला सत्तरच्या वर हॉर्सपॉवर लागतात, ते या इंजिनात कारखान्यातून निघतानाही नव्हते. पहिल्या कारणाला दुरुस्ती हा उपाय आहे. दुसऱ्याला वजनकाटा हा उपाय आहे. पंपाचा स्क्रू या दोन्हींवर उपाय नाही.

आता दिशेचा विचार करा. नारायणगावचे टोमॅटो, नाशिकची कोथिंबीर आणि मेथी, जुन्नरचा भाजीपाला मुंबईच्या बाजाराकडे जातो तेव्हा भरलेली गाडी माळशेज किंवा कसारा घाट उतरत असते. चढते ती येताना, रिकामी. इगतपुरी, जिथे महिंद्राची इंजिनं बनतात, ते गाव घाटाच्या माथ्यावर आहे. मालाची गाडी तिथून पुढे खालीच जाते. अशा मार्गावरच्या गाडीचे दहा हजार रुपये इंजिनाची ताकद वाढवण्यावर घालायचे आणि मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमची लायनर झिजलेलीच ठेवायची, याला नियोजन म्हणता येत नाही. ३ टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे चार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. ती बहुतांशी इंजिन ब्रेकिंगने मुरते, नाहीतर ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम तापवून मुरते. साडेचार टनांना सहा युनिट. वेग ४० वरून ६० केला, तर थांबवताना मुरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. ज्याने ताकद वाढवून घेतली तो वेग वाढवतोच, आणि ब्रेक होते तेच राहतात.

भरलेली गाडी खरोखर चढते ती कोकणातून वर येताना. मार्च ते मे देवगड-रत्नागिरीचा हापूस फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली या घाटांनी वर येतो. मासळीच्या गाड्याही याच वाटेने वर येतात. इथे ताकदीचा प्रश्न खरा आहे हे मान्य. पण नेमकं इथेच पंप वाढवणं सर्वांत घातक आहे, आणि त्याचं कारण डिझेल इंजिन कसं चालतं यात आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल प्रमाणात जातं. डिझेल इंजिनात हवा येईल तितकी येते, आणि ॲक्सिलरेटर फक्त डिझेल कमी-जास्त करतो. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. सिलिंडरमध्ये मिसळायला वेळ अगदी थोडा असल्याने प्रत्यक्षात काळा धूर न काढता चालायला त्याहून बरीच जास्त हवा हवी. जुन्या यांत्रिक पंपावरचा फुल लोड स्क्रू ही मर्यादा सांभाळतो. कारखान्यात तो बसवून वर सील मारलेलं असतं. सील तोडून तो आत फिरवला, की डिझेल वाढतं, हवा त्या मानाने वाढत नाही. चुलीत एकदम जास्त लाकडं कोंबली की जाळ वाढत नाही, घर धुराने भरतं. सुरुवातीला स्क्रू थोडा फिरवला की ताकद वाढते हे खरं, म्हणून तर ड्रायव्हर खूश होऊन घरी जातो. पण स्क्रू त्या टप्प्याच्या पुढे गेला, की वाढलेल्या डिझेलातला मोठा भाग काजळी म्हणून सायलेन्सरमधून निघतो, आणि उष्णता म्हणून पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हेड आणि टर्बोच्या अंगावर बसते.

सपाटीवर ही उष्णता कळत नाही, कारण तिथे पूर्ण ॲक्सिलरेटर काही सेकंदच लागतो. आंबा घाटात तो मिनिटामागून मिनिटं दाबलेला असतो, गाडीचा वेग कमी म्हणून रेडिएटरवर वारा कमी, आणि महिना एप्रिलचा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्या बराच अलीकडे ताकद सोडतो. डिझेल वाढवलेल्या इंजिनाच्या एक्झॉस्टचं तापमान लांब चढावर ७०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. पिस्टन तगतो तो स्फोटाचा क्षण छोटा असतो आणि खालून ऑइल व बाजूने रिंगा उष्णता वाहून नेतात म्हणून. रिंगा झिजलेल्या, ऑइल काजळीने घट्ट झालेलं, अशी जुन्या इंजिनाची अवस्था असताना हा आधारच गेलेला असतो. डॅशबोर्डवरचा काटा फक्त पाण्याचं तापमान दाखवतो. एक्झॉस्टचं दाखवणारा काटा पिकअपमध्ये नसतोच. हेड गॅस्केट उडालं, पिस्टन तडकला, टर्बोचं पातं गेलं, की मग कळतं. त्या दिवशी मालकाचं बिल दोन-तीन हजारांचं राहत नाही, आणि इंजिन उतरवलेलं असताना हप्ता काही थांबत नाही.

शिवाय जादा डिझेल सगळं जळत नसल्याने थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, भिंतीवरचा ऑइलचा थर धुतला जातो, रिंग आणि लायनरची झीज वाढते, कॉम्प्रेशन आणखी पडतं आणि गाडी पुन्हा दमायला लागते. मग पुन्हा स्क्रू.

आता ‘स्कॉर्पिओत ७५ मिळतात’ या मुद्द्याचं उत्तर. इंजिनाची ताकद त्याच्या कामावरून ठरवतात. प्रवासी गाडीत पूर्ण ताकद ओव्हरटेक करताना आठ-दहा सेकंद लागते, मागे पाच-सात माणसं असतात. मालगाडीत तीच ताकद तासातला मोठा भाग द्यावी लागते आणि मागे दीड टन असतो. कंपनीने पिकअपला कमी ताकद दिली ती हात आखडून दिलेली नाही, पूर्ण बोजा घेऊन लाखो किलोमीटर चालावं म्हणून दिली. रेडिएटर, क्लच प्लेट, गिअर-बॉक्स, मागचा ॲक्सल, सगळं त्या हिशेबाने निवडलेलं असतं. त्यातलं फक्त इंजिन वाढवलं, तर पुढचं सगळं तोकडं पडतं. रिमॅप केलेल्या अनेक पिकअपची पहिली तक्रार इंजिनाची नसतेच, क्लच घसरल्याची असते.

रिमॅपला एका बाबतीत मी न्याय देईन. चांगल्या प्रकृतीच्या कॉमन रेल इंजिनावर जाणकाराने केलेला रिमॅप खरोखर ताकद वाढवतो, तो बनाव नाही. पण तो करणारा आधी इंजेक्टर, टर्बोचं प्रेशर आणि कॉम्प्रेशन तपासून मग हात लावतो. आपल्याकडे जे स्वस्तातलं चालतं ते वेगळं आहे. लॅपटॉप जोडून कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची फाइल चढवायची, किंवा रेल प्रेशरचा खोटा आकडा संगणकाला सांगणारी डबी तारेत बसवायची. सात-आठ वर्षं चाललेले इंजेक्टर आधीच ठिबकत असताना त्यांना आणखी प्रेशर देणं म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर डिझेलची धार सोडणं. ती धार पिस्टनला भोक पाडू शकते.

ईजीआर बंद करण्यामागचा समज तर अगदीच उलटा आहे. हा व्हॉल्व्ह थोडा एक्झॉस्ट वायू परत आत सोडतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान खाली राहून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर, म्हणजे घाटात, चांगला ईजीआर जवळजवळ बंदच असतो. जे आधीच बंद आहे ते पत्रा मारून बंद केल्याने चढाची ताकद वाढणार कशी? ईजीआर बंद केल्यावर कुणाची गाडी खरंच सुधारली असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला होता. तो काढून साफ केला असता तरी तेवढाच फरक पडला असता आणि हवेत विष वाढलं नसतं. काजळीने मॅनिफोल्ड बुजतो ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक काळाने साफसफाई.

मोकळ्या सायलेन्सरबद्दल फार लिहायची गरज नाही. टर्बो इंजिनात त्याने मिळणारा फायदा मोजायला यंत्र लागतं आणि आवाज सगळ्या गावाला ऐकू जातो. दगडावर आपटून पाइप चेपला असेल तर तो बदला, तेवढं खरं काम आहे. पण एअर फिल्टर काढणाऱ्यांना मात्र मला कळकळीने थांबवायचं आहे. उसाच्या फडातून, खडीच्या रस्त्यावरून, कोकणातल्या तांबड्या मातीतून ही गाडी चालते. त्या धुळीत सिलिका असते आणि ती लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते. पुढे दुसरी गाडी जात असताना तिच्या मागच्या धुरळ्यात उघड्या तोंडाने हवा ओढणारं इंजिन किती काळ टिकणार? फिल्टर चोंदला असेल तर तो बदलण्याची किंमत हजाराच्या आत आहे.

मग हरवलेली ताकद शोधायची कुठे? या लेखाचा खरा ऐवज इथे आहे, कारण जवळपास प्रत्येक जुन्या पिकअपमध्ये तिचे चोर तेच ते असतात.

पहिला चोर हवेच्या वाटेवर असतो. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंत, आणि इंटरकूलर असेल तर तिथेही, रबरी होज आणि क्लॅम्प असतात. होजला चीर गेली किंवा क्लॅम्प सैल झाला, की टर्बोने दाबलेली हवा बाहेर निसटते. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर येतो आणि गाडी ओढत नाही. आता नीट पाहा : ‘गाडी ओढत नाही’ हे ऐकून पंप वाढवणारा मेकॅनिक याच गाडीत आणखी डिझेल ओततो. दोनशे रुपयांच्या क्लॅम्पने जे काम होतं तिथे तो इंजिन जाळायला काढतो. होजच्या सांध्यावर ऑइलचा ओला डाग दिसला, तर हवा तिथून जाते आहे हे डोळ्यांनी कळतं.

दुसरा डिझेलच्या वाटेवर. गाडी सपाटीला छान पळते, घाट सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी हळूहळू मान टाकते, थांबून पुन्हा निघालं की थोडा वेळ बरी चालते. हे लक्षण बहुधा चोंदलेल्या डिझेल फिल्टरचं किंवा टाकीतल्या गाळाने बुजलेल्या जाळीचं असतं. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडण्याची सोय असते, ते सोडायला पैसे लागत नाहीत. न सोडलेलं पाणी कॉमन रेलच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेलं, तर ते भाग गंजतात आणि मग बिलाला अंत राहत नाही.

तिसरा नोझल. नाशिकच्या सातपूरला बॉशचा कारखाना आहे. जुने मेकॅनिक त्याला अजूनही मायकोच म्हणतात. तिथे नोझल आणि इंजेक्टर बनतात, आणि त्याच जिल्ह्यात अर्ध्या किमतीची नकली नोझल आनंदाने बसवली जातात. नोझलची फवारणी धुक्यासारखी बारीक हवी. झिजलेलं नोझल धार सोडतं किंवा ठिबकतं. पंपवाल्याकडे हातपंपाच्या बाकावर ती डोळ्यांसमोर तपासता येते. तपासणी मालकाने स्वतः उभं राहून पाहावी. चारही नोझलची फवारणी सारखी आणि ठरलेल्या प्रेशरला सुटणारी असेल, तर गाडीचा आवाजही बदलतो. त्याच वेळी टॅपेटची फट आणि पंपाचं टायमिंग मापाने लावून घ्यावं.

चौथा थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत गावोगाव आहे आणि ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढवतं, आणि तापण्याचं मूळ कारण, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा सैल फॅन, तसंच राहतं. घाटात गाडी तापते तेव्हा हेच उघडं पडतं.

पाचवा चोर इंजिनाच्या बाहेर असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. ब्रेक चिकटलेला असतो, चाकाचा हब हात लावू देत नाही इतका तापतो, टायरमध्ये हवा कमी असते. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले, की गिअर तेवढे लांब होतात. टायर पाच टक्के मोठा म्हणजे चाकाची ओढ पाच टक्के कमी. वर स्थानिक बॉडीवाल्याने जाड पत्रा आणि अँगल लावून बांधलेला हौदा. त्यात शंभर-दीडशे किलो जादा लोखंड सहज चढतं आणि ते रिकाम्या फेरीतही वाहावं लागतं. हलका हौदा बांधणं ही इंजिनाला हात न लावता मिळणारी ताकद आहे, आणि ती उतारावर ब्रेकलाही मिळते.

या सगळ्याच्या आधी एक तपासणी मात्र झालीच पाहिजे, ती कॉम्प्रेशनची. चारही सिलिंडर मोजायचे. आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांहून जास्त दूर असतील किंवा सगळेच कंपनीच्या मापाखाली असतील, तर रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्हचं काम आहे. तिथे बाकी कशावरही खर्च करणं व्यर्थ. इंजिन पुरतं गेलं असेल तर त्याच जातीचं दुरुस्त केलेलं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बसवता येतं. जुनी गाडी सरळ भंगारात काढा असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. चेसिस शाबूत आहे, कर्ज फिटलेलं आहे, अशी गाडी ही त्या घराची सर्वांत मोठी पुंजी असते. ती नीट सांभाळून आणखी काही वर्षं चालवणं हे शहाणपणाचं आहे.

चालवण्याचंही थोडं. १४०० फेऱ्यांखाली मोठ्या गिअरमध्ये इंजिन रडवत नेणं म्हणजे ताकद वापरायचीच नाही असं ठरवणं. आधीच एक गिअर खाली घ्या आणि काटा १५०० ते २२०० मध्ये ठेवा. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर इंजिनाला डिझेल जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला डिझेल जातं. म्हणजे न्यूट्रलने बचतही होत नाही आणि ब्रेक एकटे पडतात.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात ही बंदी कडकपणे वाचली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जादा मालाला दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं. पंप वाढवलेली गाडी त्या आधी पंपवाल्याकडे जाऊन स्क्रू मागे घेते, पासिंग झालं की पुन्हा पुढे. हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. अपघात झाला तर दावा नाकारायला विमा कंपनीला नेमकं हेच कारण पुरू शकतं.

पण दंडापेक्षा मला धुराचं जास्त वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पंप वाढवलेल्या गाडीचा काळा लोट कुणाच्या छातीत जातो? पहाटे बाजारात मागे उभं राहून क्रेट उतरवणाऱ्या हमालाच्या, घाटात मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या बाईच्या आणि तिच्या पोराच्या. गाडीमालकाचा मुलगा क्लीनर म्हणून हौद्यात बसतो, त्याच्याही. माझ्या गाडीचं मी काहीही करीन, असं म्हणायला जागा राहत नाही ती इथे.

आता मेकॅनिकबद्दल, कारण सगळा दोष त्याच्यावर ढकलणं अन्याय होईल. आपल्याकडे गॅरेजला पैसे मिळतात ते भाग बदलण्याचे आणि बसवण्याचे. दोष शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. मेकॅनिकने दोन तास घालवून होजची चीर शोधली आणि क्लॅम्प आवळला, तर मालक म्हणतो, एवढ्याचे कसले पैसे? त्याने पाच मिनिटांत स्क्रू फिरवला आणि गाडीने टपरीपर्यंत झेप घेतली, तर मालक खुशीने नोटा काढतो. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेल्या पोराला कॉम्प्रेशन मोजता येतं, नोझल तपासता येतं. बाजाराने त्याला शिकवलं, की मोजण्याला किंमत नाही. ही किंमत मालकांनी द्यायला सुरुवात केली पाहिजे. पाच-दहा गाड्या एका गावात असतील तर मालकांनी मिळून एक कॉम्प्रेशन गेज घ्यावा, आणि तपासणीची मजुरी वेगळी ठरवून द्यावी.

म्हणून पुढच्या वेळी गाडी दमली तर गॅरेजमध्ये शिरताना ‘पंप बघा’ म्हणू नका. चार सिलिंडरचे चार आकडे, नोझलचं प्रेशर, हवेच्या होजची स्थिती आणि मालासकट काट्यावरचं वजन बिलाच्या कागदावर लिहून मागा, आणि ते लिहिण्याची मजुरी आधी हातात ठेवा. ते आकडे लिहून मिळेपर्यंत पंपाच्या सीलला कुणाला हात लावू देऊ नका.